तास कापते, चढ कापत नाही

एमबीबीएसच्या इंटर्नशिपचा तक्ता लागला तेव्हा बॅचमधल्या बहुतेकांनी आधी ड्यूटी कुणासोबत आलीये ते पाहिलं. मी पाहिलं ते मेडिसिन कुठल्या महिन्यात आलंय आणि पीएसएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, कधी. वर्षाच्या ५२ आठवड्यांत पीएसएमचे १२, गायनॅकचे ७, मेडिसिन आणि सर्जरीचे प्रत्येकी ६, पेड्सचे, म्हणजे बालरोग विभागाचे, ३. उरलेले बाकीच्या विभागांत वाटलेले. माझं मेडिसिन ऐन पावसात आलं होतं आणि पीएसएम पाऊस सरल्यावर. जानेवारीतल्या सायकलच्या रोड रेसला उतरायचं हे मी तिथे, त्या नोटीस बोर्डासमोरच नक्की केलं.

मी घणसोलीच्या माथाडी वसाहतीत वाढले. आमच्या वसाहतीत अर्धी घरं साताऱ्याकडची, आमचंही त्यातलंच. आप्पा वाशीच्या भाजी मार्केटात आहेत. इंटर्नशिप कळव्याला. शर्यतीत उतरायला लागले ते सेकंड इयरपासून. सायकल ॲल्युमिनियमची, सेकंड हँड, शिमानो सोराचे गिअर. वाशीच्या ज्या दादांकडे ती पहिल्यांदा सर्व्हिसिंगला नेली त्यांनी चाकं पुन्हा ट्रू, म्हणजे न डगमगता सरळ फिरतील अशी, करून दिली आणि तेव्हापासून तिचा एक आवाज म्हणून ऐकला नाही. पायाचा जोर मोजणारं पॉवर मीटर नाही. छातीला लावायचा हार्ट रेटचा पट्टा आहे आणि बोर्ग स्केल आहे, ज्याला पैसे लागत नाहीत. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजायला ६ ते २० असे आकडे ठरवले. सहापासून सुरुवात का, तर आकड्याला दहाने गुणलं की तरुण माणसाचे हृदयाचे ठोके साधारण तेवढे येतात. कार्डिॲक रिहॅबमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या काकांना आपण चालताना जे विचारतो, तेच मी बेलापूरच्या पारसिक हिलच्या चढावर स्वतःला विचारते. तेरा म्हणजे जरा जड जातंय. सतरा म्हणजे आता बोलवत नाही.

ज्युनियर्स मला विचारतात, ताई, वेळ कसा काढतेस? वेळ निघतो. पहाटे पाच ते साडेसहा हा वेळ कुणी मागत नाही. राउंड नाही, लेक्चर नाही, पाहुणे नाहीत. खरी टंचाई आहे ती झोपेची. सायकलवर शरीर मजबूत होत नाही, तिथे ते मोडतं. मजबूत होतं ते नंतर, झोपेत. हे फिजिऑलॉजीच्या पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी मी घरात बघितलं होतं.

आप्पा रात्री दोनला घरातून निघतात. गाड्या रात्रभर येत असतात, उजाडायच्या आत माल खाली करून गाळ्यावर लावायचा असतो. पन्नास किलोची गोण पाठीवर घेऊन चालणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी माझ्या जन्माच्या आधीपासून केलंय. दुपारी घरी आले की आंघोळ, दोन भाकऱ्या, आणि मग झोप. खिडकीला आईने जाड गोणपाट शिवून लावलंय. ते खाली सोडलं की भर दुपारी खोलीत अंधार. त्या तीन-चार तासांत आमच्या घरात मिक्सर लागत नाही, टीव्ही लागत नाही, दारात कुणी आलं तर आई बोटाने खूण करून त्याला जिन्यात नेते. वसाहतीतल्या अनेक घरांत हेच आहे, म्हणून मुलंसुद्धा दुपारी खाली खेळताना आवाज बेताने करतात. आप्पांच्या सोबतचे काहीजण दुपारी पत्ते कुटत बसायचे. त्यांच्या कमरा लवकर गेल्या, असं आप्पा म्हणतात. मी फर्स्ट इयरला रात्र-रात्र जागून ॲनाटॉमी करायचे तेव्हा ते एकदाच बोलले होते, "पोरी, ओझं उचलायचं त्यानं झोपेत काटछाट करायची नाही. खायला एक वेळ कमी चालतं."

मला माझ्या आयुष्यात भेटलेला सगळ्यात चांगला कोच म्हणजे हा माणूस. नाइट ड्यूटीवरून आले की मी तेच करते. गोणपाट खाली, फोन आईकडे, कानात कापूस. आता घरात ते दोघांसाठी खाली सोडलं जातं.

नाइट ड्यूटी झाल्यावर मात्र सायकल चालवत नाही. हा माझा एकच नियम असा आहे की ज्याला अपवाद नाही. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या दोघांनी 'नेचर'मध्ये एक छोटा शोधनिबंध छापला. माणूस सलग १७ तास जागा राहिला की हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा बिघडतो, आणि २४ तासांनी ०.१० टक्क्याइतका. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. रात्रभर कॅज्युअल्टीत उभं राहून सकाळी सायकलवर बसणारा इंटर्न त्या मर्यादेच्या तिप्पट पुढे असतो, आणि त्याच्या शेजारून ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रेलर जात असतात. ऑर्थोच्या पोस्टिंगमध्ये मी कॉलरबोन मोडलेली माणसं बघितली आहेत. बाईकवरून, सायकलवरून, हात टेकून पडलेली. हाड बहुतेकदा मधल्या भागातच मोडतं, कारण तिथे ते सर्वांत बारीक आणि त्याला आधार कमी. त्यामुळे नाइट ड्यूटी संपली की सायकल हॉस्टेलवर मैत्रिणीच्या खोलीत, आणि मी बसने घरी. दिवसाच्या ड्यूटीला मात्र सायकलनेच जाते-येते. ऐरोली, दिघा, विटावा, कळवा. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पावसात पाणी भरतं, तेवढे दिवस सोडून.

आता मेडिसिनच्या सहा आठवड्यांबद्दल, कारण खरा कस तिथे लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो. पहाटे ब्लड कलेक्शन, मग सीबीसीचे रिपोर्ट आणायला लॅब, प्लेटलेट्सचे आकडे वहीत, पाच हजारने घसरले तर रेसिडेंटला फोन, मग राउंड. बाहेर पाऊस असा की नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर समोरचं चाक दिसत नाही. या दिवसांत आठवड्याला दहा-बारा तासांचं ट्रेनिंग होणारच नाही. ते होणार नाही हे मान्य करून पुढे काय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण याच ठिकाणी आमच्यातले बरेच जण सायकल विकून टाकतात.

याचं उत्तर मला रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत मिळालं. त्यांनी माणसांना दहा आठवडे आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं जोरदार व्यायाम करायला लावला. मग वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गोष्ट कमी केली. दिवस सहावरून दोनवर आणले, तरी व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, १५ आठवडे जवळपास टिकला. दुसऱ्या गटात मिनिटं ४० वरून १३ वर आणली, तरी टिकला. तिसऱ्या गटात दिवस आणि मिनिटं तेवढीच ठेवून फक्त जोर कमी केला, तेव्हा मात्र तो घसरला. मी हे वाचलं त्या संध्याकाळी वहीत पावसाळ्याचं वेळापत्रक नव्याने लिहिलं. तास कापायचे, दिवस कापायचे, चढ मात्र कापायचा नाही. आणि पूर्ण बंद ठेवायचं नाही, कारण एडवर्ड कॉइल यांच्या १९८४ च्या अभ्यासात ट्रेनिंग अजिबात सोडलेल्या पक्क्या खेळाडूंचा व्हीओटू मॅक्स तीन आठवड्यांतच सात टक्क्यांनी उतरला होता.

त्यामुळे मेडिसिनमध्ये माझं ट्रेनिंग म्हणजे आठवड्यातून दोनदा, गॅलरीत, जुन्या मॅग्नेटिक ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. दहा मिनिटं पाय मोकळे, मग चार मिनिटांचे चार तुकडे बोर्गच्या सतरा-अठराला, मध्ये तीन-तीन मिनिटं सावकाश. गॅलरी एवढीशी की हँडलबार वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो. ट्रेनरखाली आप्पांनी मार्केटातून आणलेल्या गोण्यांची चार पदरी घडी, खालच्या काकूंना घरघर ऐकू जाऊ नये म्हणून. दमट हवेत घाम वाळत नाही, तो टपकत राहतो. आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही, म्हणून टेबल फॅन पूर्ण वेगात छातीवर. शेवटच्या तुकड्यात पट्टा १८४ दाखवतो. आई भाजी निवडत दारात बसते आणि मिनिटं मोजते. सगळं मिळून पाऊण तास. मग आंघोळ, जेवण आणि नऊला झोप. सहा आठवडे मी हेच केलं आणि पावसानंतर पारसिकवर गेले तेव्हा पाय जिथे सोडले होते तिथेच होते, याचा आनंद मी अजून विसरलेले नाही.

पेड्सच्या तीन आठवड्यांत एक गोष्ट अशी घडली की तिचा थेट उपयोग शर्यतीत झाला. जुलाबाने सुकून गेलेली एक दीड-दोन वर्षांची मुलगी आली होती. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश परत जायची, पण पाणी दिसलं की हात पुढे. मॅम म्हणाल्या, सलाईन नको, प्लॅन बी. किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस, चार तासांत, आईच्या हाताने, चमच्याने. मी त्या आईशेजारी बसून होते. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चमचा. दुपारपर्यंत ती पोर आईच्या बांगड्या ओढायला लागली होती. एक पाकीट, एक लिटर पाणी, एक चमचा.

यामागची युक्ती म्हणजे आतड्यातला एसजीएलटी-वन नावाचा वाहक. तो सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालूनच आत घेतो, आणि त्यांच्यामागून पाणी येतं. म्हणून डब्ल्यूएचओच्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ. जास्त साखर घातली तर उलट पाणी आतड्यात ओढलं जातं. त्या रात्री मी शर्यतीच्या बाटलीचा विचार नव्याने केला. ओआरएस पाण्यासाठी आहे, इंधनासाठी नाही. १३ ग्रॅम साखरेवर घाट चढता येत नाही. इंधन वेगळं हवं. आणि तोच वाहक तासाला साधारण ६० ग्रॅम ग्लुकोजच्या वर नेऊ शकत नाही. त्याच्या वर जायचं तर फ्रुक्टोज लागतं, कारण फ्रुक्टोजला वेगळं दार आहे, ग्लुट-फाइव्ह. महागड्या जेलच्या पाकिटावर हेच ग्लुकोज-फ्रुक्टोज लिहिलेलं असतं. आपल्या गुळात मुख्यतः सुक्रोज असतं, आणि सुक्रोज आतड्यात फुटलं की निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. त्यामुळे माझ्या जर्सीच्या खिशात गावाकडचा गूळ असतो, सुपारीएवढे खडे करून, बटर पेपरमध्ये. एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी. हे मी खूप राईड्सवर करून बघितलं, पोट एकदाही बिघडलं नाही. शर्यतीच्या दिवशी नवीन काही खायचं नाही, हे मात्र पाळा.

पीएसएमचे बारा आठवडे म्हणजे हेल्थ सेंटर, लसीकरण, घरभेटी आणि संध्याकाळी मोकळीक. तिथे मी तास भरून काढले. पाम बीच हा आमचा पाट्या-पुस्तकांचा रस्ता. सायकलिंग शिकायचं ते तिथेच. वाशीपासून बेलापूरपर्यंत सुमारे दहा किलोमीटर, सरळ, सपाट, एका बाजूला खाडी. वारा खाडीकडून आडवा येतो, आणि आडव्या वाऱ्यात दुसऱ्याच्या चाकाच्या नेमकं मागे बसून उपयोग नसतो, तिरकं बसावं लागतं, हे मला तिथे कळलं. थंडीत एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागच्या पाणथळीवर फ्लेमिंगो उतरतात तेव्हा रविवारी कॅमेरेवाल्यांची गर्दी. तिथे वेग कमी ठेवा, ते डोळ्याला लेन्स लावून रस्त्यावर मागे सरकतात. गाड्या या रस्त्यावर बेफाम जातात, म्हणून साडेसहाच्या आत संपवणं बरं. मग बेलापूरला पारसिक हिलचे चढ, पुन्हा पुन्हा. ठाण्याचं येऊर मला जास्त आवडतं, झाडी आहे, हवा गार, पण घणसोलीहून उलट्या दिशेला पडतं.

याच दिवसांत उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. अल्नार नर्व्ह मनगटाशी गायॉन्स कॅनालमधून जाते आणि हँडलवर तळहाताची कड दाबून धरली की नेमकी तिथे चेपते. सायकलस्वारांना हे बऱ्याचदा होतं. ज्या हाताने टाके घालायचे आहेत त्याबद्दल हयगय नको. दादांकडून बार टेप दुहेरी करून घेतली, हँडल किंचित वर घेतलं, दर काही मिनिटांनी हात बदलायची सवय लावली. दोन आठवड्यांत गेलं.

डॉक्टरने सायकल शर्यतीत वेळ घालवावा का, असंही लोक घरी येऊन विचारतात, विशेषतः आईला. मी त्यांना नाशिक आणि नागपूरची नावं सांगते. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी रेस अक्रॉस अमेरिका सुमारे ४,८०० किलोमीटरची. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. चौघंही डॉक्टर. आणि एरिक हायडन: १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्केटिंगची पाच सुवर्णपदकं, १९८६ ला टूर द फ्रान्समध्ये सहभाग, आणि नंतर ऑर्थोपेडिक सर्जन. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण वाट आहे, आणि तिच्यावरून माणसं गेली आहेत, हे आईला ठाऊक असलेलं मला हवं होतं. तिने हायडनचं नाव पाठ केलंय.

मला शर्यत का हवी, ते मात्र वेगळं आहे. इंटर्नच्या प्रत्येक कामावर वरची सही लागते, आणि ती लागायलाच हवी, पेशंटच्या हिताची आहे. सायकलवर कधी उठायचं, कुणाच्या मागे जायचं, कुणाला सोडायचं हे मी ठरवते, त्या क्षणी, धाप लागलेली असताना, आणि ते बरोबर की चूक हे पुढच्या दोन मिनिटांत कळतं. लेबर रूममध्ये आणि कॅज्युअल्टीत पुढे मला हेच करायचं आहे.

जानेवारीची शर्यत देशावर होती, मुलींचा गट, जेमतेम चाळीस किलोमीटर, शेवटी घाट. पहाटे बोटं आखडलेली. सकाळी मुलांच्या बिनगिअरच्या, भारतीय बनावटीच्या सायकली आधी सुटल्या, आणि त्या पोरांनी साध्या सायकलींवर धरलेला वेग बघून अंगावर काटा आला. आमच्या गटात सांगली-पुण्याच्या मुली. त्यातल्या काहीजणी दिवसातून दोनदा ट्रेनिंग करतात. सपाटीला मी बंचच्या, म्हणजे सायकलींच्या घोळक्याच्या, मध्ये राहिले. चाकामागे नीट बसलं की वाऱ्याशी लढायची ताकद पाव ते एक तृतीयांश वाचते, आणि पाम बीचवर शिकलेलं तिरकं बसणं इथे कामाला आलं, कारण उसाच्या फडांमधून रस्ता बाहेर पडला तसा वारा उजवीकडून लागला आणि मागच्या सात-आठ जणी एकदम तुटल्या. घाटाच्या पायथ्याशी एक खडा गूळ, दोन घोट. पहिल्या वळणावर पिवळ्या जर्सीतल्या मुलीने उठून जोर लावला. तिच्यामागे दोघी गेल्या. मी बसून राहिले, बोर्गचे सोळा, मनातल्या मनात गॅलरीतली चार मिनिटं मोजत. दुसऱ्या वळणानंतर एकेक पाठ जवळ यायला लागली. तिघींपैकी एकीलाही गाठता आलं नाही, पण माझ्या आणि त्यांच्यामध्ये चढाच्या सुरुवातीला असलेल्या बाकी सगळ्यांना मी मागे टाकलं. चौथी आले. आप्पांना फोन केला तेव्हा ते मार्केटातच होते, मागे लिलावाचा ओरडा. "झोपली होतीस का नीट?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

फेब्रुवारीपासून गायनॅकचे सात आठवडे. लेबर रूमच्या रात्री, त्यामुळे पुन्हा आठवड्यातून दोनच दिवस, चार मिनिटांचे चार तुकडे, बाकी झोप. ड्यूटीचा तक्ता आला की त्यातल्या पोस्ट-ड्यूटीच्या दिवसांवर मी लाल रेघ मारते, त्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही. उरलेल्या रविवारी सव्वापाचला बेलापूरला, पारसिक हिलच्या पायथ्याशी असते. यायचं असेल त्यांनी पुढचा-मागचा लाईट, हेल्मेट आणि एक जादा ट्यूब घेऊन या. गूळ मी आणते.